रेवणप्पांचा अंगठा

रेवणप्पा बिराजदारांना देवानं दोन डोळे दिले होते, पण त्यांचा खरा भरवसा उजव्या हाताच्या अंगठ्यावर. भाजीवालीनं भेंडी कोवळी आहे म्हटलं की यांचा अंगठा टोक मोडून बघणार. दुकानदारानं ज्वारी मालदांडी आहे म्हटलं की यांचा अंगठा पोत्यात. एकदा तर देवळातल्या स्वामींनी दिलेली विभूती त्यांनी तिथंच चोळून पाहिली होती, चुना तर कालवला नाही ना म्हणून. त्यांची बायको सावित्रम्मा त्या दिवशी पदर तोंडावर घेऊन देवळाबाहेर पडल्या होत्या.

माणूस जन्मतः असा नव्हता, धंद्यानं झाला. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात रेवणप्पांनी उभी हयात चेकर म्हणून काढली. लांब टेबल, वर ट्यूबलाइट, समोर टॉवेलांची चळत. टॉवेल पसरायचा, मान तिरकी करून उजेडात बघायचा आणि अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा. कुठं धागा तुटलेला, कुठं तेलाचा डाग, कुठं फणीनं ओढलेला. खोट सापडली की कोपऱ्याला लाल दोरा बांधायचा. लाल दोऱ्याचा माल तो सेकंड, बाकीचा फ्रेश. फ्रेश माल जहाजात बसून परदेशी जायचा आणि सेकंड कामगारांच्या घरी. बिराजदारांच्या घरात आजतागायत एक फ्रेश टॉवेल आलेला नाही. खुंटीवरच्या प्रत्येक टॉवेलाला लाल दोरा. 'अंग तर तितकंच पुसतंय की,' असं सावित्रम्मा म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. त्यातले काही टॉवेल त्यांच्या मुलीच्या, महेश्वरीच्या, जन्मापासूनचे होते.

निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, ट्यूबलाइट गेली, खोड मात्र राहिली. आता टॉवेल नाहीत म्हटल्यावर रेवणप्पांनी माणसं तपासायला घेतली. शेजारचा नवा भाडेकरू हसून बोलतो, म्हणजे काहीतरी मागणार. पुतण्या न बोलावता येऊन पाया पडला, म्हणजे काहीतरी करून बसलाय. गल्लीतल्या लोकांना त्यांनी मनातल्या मनात लाल दोरे बांधून ठेवले होते. फ्रेश असं त्यांच्या हिशेबात फार कुणी उरलंच नव्हतं.

या सगळ्यात एकच माणूस त्यांच्यावर गेला होता, त्यांची एकुलती एक मुलगी. घराच्या स्वयंपाकखोलीचं दार हिरव्या ऑइलपेंटचं आहे. ते रंगवलं त्या दिवशी 'रंग ओला आहे, हात लावू नका' असं पेंटर बजावून गेला, आणि त्याची पाठ वळताच रेवणप्पांनी तो खरंच ओला आहे का ते अंगठ्यानं बघितलं. त्यांच्या मागून पाच वर्षांच्या महेश्वरीनंही बघितलं. दोन्ही ठसे अजून त्या दारावर आहेत, एक मोठा, त्याखाली एक छोटा. छोट्या ठशातून एक तिरकी रेघ गेली आहे. बापाची धागे कापायची छोटी कात्री घेऊन खेळताना पोरीनं अंगठा कापून घेतला होता, त्याचा तो वण. रेवणप्पा एरवी कधी हळवे व्हायचे नाहीत, पण त्या दाराला परत रंग द्यायचं निघालं की दर वेळी काहीतरी कारण काढून ते टाळायचे.

तर ही महेश्वरी आता मोठी झाली, एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला लागली. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिनं आईबापांना समोर बसवलं आणि सांगितलं, कचेरीतल्या सुमित तळभंडारेशी मला लग्न करायचं आहे. मिलिंदनगरचा मुलगा. वडील जालिंदर तळभंडारे महापालिकेतून निवृत्त झालेले, आई मीनाबाई अंगणवाडीत.

रेवणप्पांना आडनाव कळलं, वस्ती कळली, पुढचं सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडून जात हा शब्द कधी निघाला नव्हता. कारखान्यात सगळ्या समाजाचे लोक होते आणि सगळ्यांच्या डब्यातली शेंगाची चटणी त्यांनी खाल्ली होती. पण डबा वेगळा आणि उंबरा वेगळा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. उघड नाही म्हणावं तर पोरीच्या नजरेतून उतरणार, हो म्हणावं तर भाऊबंदांच्या. मग त्यांनी आपल्याला जमण्याजोगा रस्ता धरला : पोरात खोट शोधायची. खोट सापडली की जातीचं नावच काढायला नको. ही चलाखी जुनी आहे, आणि ती करताना आपण चलाखी करतोय हे माणसाला स्वतःलाही कळत नाही.

"पोरगा बघितल्याबिगर मी काय बोलणार न्हाय," ते म्हणाले.

"बघा की," महेश्वरी म्हणाली. "पण एक सांगते, अप्पा. तुमच्या पाठीमागं जाऊन मी लग्न करणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर या घरात राहणारही नाही. नांदेडला बदली मागितली आहे मी."

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. पोरगी खरं बोलत होती, ते अंगठा न लावताही कळत होतं.

पुढच्या रविवारी सुमित आला. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना माणूस पेढे नेतो, फळं नेतो. हा गडी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला आणि त्यातून कापसात गुंडाळलेलं विमान काढून टीपॉयवर ठेवलं. वीतभर लांबीचं, पिवळंधमक, एकावर एक दोन पंख असलेलं जुन्या काळचं विमान.

"काका, महेश्वरी म्हणाली तुम्हाला नुसतं बोललेलं पटत नाही," तो म्हणाला. "म्हणून केलेलं काम घेऊन आलो."

रेवणप्पांच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्याच भेटीत आपली कळ कुठं आहे ते बघून आलाय. त्यांनी विमान उचललं, ट्यूबलाइटखाली नेलं, मान तिरकी केली. वरून बघितलं, खालून बघितलं, पोटाखाली बघितलं. अंगठा शेपटीपासून नाकापर्यंत फिरवला. कुठं गाठ नाही, ओघळ नाही, ब्रशाचा केस नाही. साखरेच्या पाकासारखा एकसारखा रंग. चेकरच्या जन्मात त्यांना इतका निर्दोष पीस भेटला नव्हता, आणि म्हणूनच तो त्यांना खोटा वाटला.

"हे कुटं मिळतंय विकत?"

"नुसतं प्लास्टिकचं किट मिळतं, काका. करड्या रंगाचे सुटे भाग असतात. ते जोडायचे, आधी प्रायमर मारायचा, मग एअरब्रशनं रंग. म्हणजे पेनाएवढी पिचकारी असते, तिला कॉम्प्रेसरची हवा. रंग दुधासारखा पातळ करायचा आणि एकदम चढवायचा नाही. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत पातळ थर."

"सगळं तुमीच केलंय? हातानं?"

सुमित जरा थांबला. महेश्वरीकडं बघून किंचित हसला. "हो काका. बहुतेक."

बस्स. रेवणप्पांना हवा होता तो तुटका धागा सापडला. सुमित विमान तिथंच ठेवून, चहा पिऊन गेला, उंबऱ्याशी वाकून नमस्कार करून गेला, त्याचा मोबाइल नंबरही रेवणप्पांनी मागून घेतला, चौकशीला उपयोगी पडेल म्हणून. पण त्यांच्या कानात तो एकच शब्द घुमत होता.

"बहुतेक म्हंजे काय?" ते सावित्रम्मांना म्हणाले. "स्वतः केलं असतं तर हो म्हणाला असता. बहुतेक कोण म्हणतंय? आयतं आणलंय आणि आपलं म्हणून खपवायलंय. आज विमान खपवलं, उद्या काय काय खपवंल!"

"मग त्याला इचारायचं की सरळ."

"इचारलं की सावध होतंय माणूस."

"खोट त्या पोरात न्हाय हो," सावित्रम्मा भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाल्या. "तुमच्या मनात हाय. ती काढा आदी."

रेवणप्पांना राग आला. बायको खोटं बोलली असती तर आला नसता. त्यांनी त्या क्षणी ठरवलं की हे काम घरबसल्या हातानं होतच नाही, हे सिद्ध करून दाखवायचं. आपण स्वतः करून बघायचं. झालं नाही की पोरगा लबाड ठरला, मग पोरीला काय तोंड आहे? हातच्या कांकणाला आरसा कशाला.

होळीच्या सुमारास त्यांनी मागवलेलं पार्सल आलं. ते घेऊन आलेल्याला रेवणप्पांनी दारातच उभं केलं, सावित्रम्मांच्या हातात मोबाइल देऊन चित्रण करायला लावलं आणि मग खोकं उघडलं. आत बुटाच्या डब्याएवढा कॉम्प्रेसर, नळी, चकचकीत एअरब्रश, रंगाच्या बाटल्या आणि एका जीपचं किट. सगळं जागच्या जागी होतं. खोटं काही सापडलं नाही म्हणून ते अर्धा दिवस बेचैन होते.

मागच्या खोलीत त्यांनी दुकान मांडलं. किटचे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात. ते त्यांनी कारखान्यातल्या त्याच छोट्या कात्रीनं सोडवले, साबणाच्या पाण्यात धुतले, सेकंडच्या टॉवेलवर वाळत घातले. कागदावरच्या चित्रांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून चाकं आधी उलटी चिकटवली आणि मग चित्र बरोबर होतं हे कबूल केलं. मोबाइलवर एक परदेशी माणूस हे सगळं हसत हसत करून दाखवायचा. त्याच्या हसण्याचाही त्यांना संशय यायचा.

एअरब्रशच्या पोटात एक लांब सुई असते. टोक केसाइतकं बारीक. हवा त्या टोकावरून सुटते आणि रंगाची धूळ करते. रेवणप्पांनी सुई बाहेर काढली आणि खरंच टोकदार आहे का ते अंगठ्यानं बघितलं. होती. पण त्या बघण्यात टोक वाकलं. मग रंग सरळ जायचा सोडून भिंतीकडं उडू लागला.

"नकली माल दिलाय बघ!" ते ओरडले.

"अंगठा लावला होता का?" सावित्रम्मांनी आतूनच विचारलं.

दुसरी सुई मागवावी लागली.

ती आली, आणि खरा घोळ पुढंच होता. सुमित म्हणाला होता, रंग दुधासारखा पातळ. रेवणप्पांनी स्टीलचे दोन पेले घेतले. एकात दूध, एकात रंग. दोन्ही पेले एकदम तिरके करायचे आणि कडेवरून ओघळ कसा उतरतो ते जुळवायचं. दुधाच्या बाबतीत ते तर पक्के. पिशवीच्या दुधावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. रोज पहाटे कासंडी घेऊन ते ज्ञानबाच्या गोठ्यावर जायचे आणि म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घ्यायचे. वर बोटभर साय धरणारं दूध. त्या दुधाला रंग तंतोतंत जुळला, त्यांनी एअरब्रशच्या वाटीत ओतला, कॉम्प्रेसर चालू केला, चाप दाबला.

पिचकारी खोकली, गुळणा धरल्यासारखी फुरफुरली आणि जीपच्या टपावर भला मोठा थेंब थुंकून बंद पडली. खोलली, धुतली, परत भरली. परत तेच. असं दिवसामागून दिवस चाललं. उन्हाळा वर चढला, रंग तोंडाशीच वाळायला लागला, खोलीत भट्टी पेटल्यागत व्हायचं. सावित्रम्मा ताक आणून ठेवायच्या. महेश्वरी कचेरीतून आली की दारातून एकदा आत बघायची आणि निघून जायची. बाप हे का करतोय ते तिला कळत होतं, आणि आपल्याला ते कळतंय हे ती लपवतही नव्हती. जेवताना ताटं वाजायची, माणसं बोलायची नाहीत.

शेवटी रेवणप्पांना वाटलं, सापडला. पोरग्यानं मुद्दाम चुकीचं सांगितलं, म्हणजे कुणी पडताळून बघू नये. त्यांनी तो चौकशीसाठी ठेवलेला नंबर लावला.

"तळभंडारे, तुमी दुधासारखा म्हणालासा. मी दुधासारखाच केला. मशीन थुंकायलंय."

"काका? तुम्ही एअरब्रश घेतलात?" पलीकडून इतका आनंदी आवाज आला की रेवणप्पांनी फोन कानापासून जरा लांब धरला. याला आनंद कसला होतोय?

"ते ऱ्हाऊ द्या. दुधाचं सांगा."

"काका, तुमच्याकडं दूध कुठलं येतं?"

"म्हशीचं. धार पुढ्यात काढून घेतो मी."

सुमित हसला नाही. "मग चूक माझी, काका. आमच्याकडं अर्ध्या लिटरची पिशवी यायची आणि माणसं सात. आई पिशवी पातेल्यात रिकामी करायची, मग पिशवीत पाणी घालून विसळायची, तेही पातेल्यात. वर आणखी एक तांब्या. कडेला निळसर दिसायचं ते. मला दूध म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं. तुम्ही तसा पातळ करा."

रेवणप्पांनी फोन ठेवला. हे ऐकून त्यांनी सवयीनं आधी बोलण्यात खोट शोधली. गरिबी सांगून पोरगा सूट मागतोय का? मागत नव्हता. लाजत होता का? लाजतही नव्हता. माझं दूध असं होतं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. आपण पेल्यात दूध जुळवत बसलो, पण दूध कुणाच्या घरचं ते विचारलं नाही, हे रेवणप्पांना टोचलं. चेकरला हे आधी सुचायला हवं होतं.

त्यांनी ज्ञानबाच्या दुधात पाणी घातलं. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हातानं. आणखी घातलं. कडेला निळसर दिसेपर्यंत घातलं. मग रंग त्याला जुळवला आणि चाप दाबला. पिचकारीतून धुकं निघालं. आवाज नाही, थेंब नाही. करड्या प्लास्टिकवर हिरवा रंग असा येऊन बसला की आला कधी ते कळलं नाही. साठी ओलांडलेला तो माणूस मागच्या खोलीत एकटाच "व्हय, व्हय, असंच" असं पिचकारीला म्हणत होता. हे हातानं होतं. घरबसल्या होतं. आपण पोरग्याला लबाड ठरवायला निघालो होतो, हे त्या आनंदात ते काही वेळ विसरूनच गेले.

आठवण झाली तेव्हा आनंद निम्मा झाला. पण 'बहुतेक'चा हिशेब अजून लागला नव्हता, आणि रेवणप्पांनी तो धागा घट्ट धरून ठेवला. बुडत्याला काडीचा आधार.

सुमितनं मोबाइलवर निरोप पाठवला होता, 'थर दिल्यावर हात लावू नका काका. सकाळपर्यंत झाकून ठेवा.' हे मात्र रेवणप्पांच्या शक्तीबाहेरचं होतं. थर दिला, जीप पातेल्याखाली झाकली. घटकाभरानं पातेलं उचललं. वाळलाय का? दिसतोय तर वाळल्यासारखा. दिसण्यावर काय जायचं? आणि अंगठा टेकला. बॉनेटवर चक्क ठसा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तो घासला, परत थर दिला, परत ठसा. सावित्रम्मा म्हणाल्या, "बँकेत पैसे काढल्यागत अंगठे लावायलासा की हो."

अशात महेश्वरीची बदलीची ऑर्डर आली. पुढच्या सोमवारी नांदेडला हजर व्हायचं होतं. तिनं कागद आईला दाखवला, बापाला दाखवला नाही. कपाटावरची बॅग खाली आली. सावित्रम्मा स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि रेवणप्पांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. काय बोलणार? तपासणी पुरी झाली नव्हती. तपासणी पुरी झाल्याशिवाय माल सोडायचा नाही, ही त्यांची सवय आता त्यांच्याच मानेवर बसली होती.

शनिवारी सकाळी ते उठले, तोंड धुतलं आणि पातेल्याखालची जीप काढली. या वेळी त्यांनी हात बांधून घ्यायचाच बाकी ठेवला होता, तरी बॉनेटच्या कोपऱ्यावर अर्धा ठसा होताच. कधी लावला तेही आठवेना. ते चिडले नाहीत, नुसते दमून गेले. मनात आलं, त्या पोरग्यानं आपला अंगठा कसा आवरला असेल? इतका वेळ, इतक्या वेळा? त्यांनी शोकेसमधून पिवळं विमान काढलं आणि जीपच्या शेजारी, पूर्वेच्या खिडकीत ठेवलं.

कोवळं ऊन आडवं येत होतं. वरून येणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात वरच्या पंखाची सावली खालच्या पंखावर पडायची. आडव्या उन्हाला ती अडचण नव्हती. ते दोन पंखांच्या मधून आत शिरलं, आणि खालच्या पंखावर, अगदी पोटाला लागून, रेवणप्पांना काहीतरी दिसलं.

ठसा होता.

जीप करताना त्यांना एक गोष्ट कळली होती. आतली बैठक, तळ, असं जे पुढं झाकलं जाणार ते आधी रंगवायचं आणि मगच वरचं चिकटवायचं. म्हणजे हा अंगठा वरचा पंख बसायच्या आधीचा. कुणीतरी खालच्या पंखाचा रंग वाळलाय का ते बघितलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विमान डोळ्यांजवळ नेलं. छोटा, निमुळता अंगठा. बाईमाणसाचा. आणि त्यातून एक तिरकी रेघ गेलेली.

रेवणप्पा विमान घेऊन हिरव्या दाराशी गेले. ताडून बघायची खरं तर गरज नव्हती. तरी बघितलं.

"महेश्वरी."

ती बॅगेत कपडे भरत होती. बऱ्याच दिवसांत बापानं नावानं हाक मारली नव्हती. ती आली, त्यांच्या हातातलं विमान बघितलं, त्यांचं बोट कुठं आहे ते बघितलं.

"हे तुझं काम?"

"वाळलाय का ते बघितलं," ती म्हणाली.

"मग त्यानं पुसून परत का न्हाय मारला?"

"पुसणार होता. मग म्हणाला, राहू दे, हे तुझ्या घरी जाणार आहे. अप्पा चेकर आहेत, त्यांना दिसल्याशिवाय राहणार नाही. त्यांनी ओळखलं म्हणजे झालं, मला वेगळं काही बोलायला नको." तिचा आवाज आता पहिल्यांदा कापला. "इतके महिने तो विचारतोय, अप्पांना दिसलं का. मी म्हणायची, दिसलं असणारच. दिसलं म्हणूनच बोलत नाहीत."

रेवणप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले. बहुतेक. सगळं तूच केलंस का, तर बहुतेक. एवढा सरळ शब्द होता तो. आणि ज्या अंगठ्याच्या ठशापायी ते दार त्यांनी इतकी वर्षं रंगवू दिलं नव्हतं, तोच अंगठा समोर असून त्यांना दिसला नव्हता, कारण ते पोरग्याची खोट शोधत होते. सावित्रम्मा भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून दारात उभ्या होत्या.

रेवणप्पा उठले. कपाटातला कारखान्याचा जुना डबा काढला, त्यातली लाल दोऱ्याची रीळ काढली, तुकडा तोडला आणि विमानाच्या चाकाला गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. मग त्यांनी फोन लावला.

"सुमित, तुझं विमान आज नीट तपासलं. पीस सेकंड हाय."

मग सुमित हळूच म्हणाला, "हो काका. ठसा आहे त्यावर."

"दिसला मला. लाल दोरा बांधलाय."

"म्हणजे... परत पाठवताय का काका?"

रेवणप्पांनी फोन पोरीच्या हातात कोंबला.

"तू सांग त्याला," ते म्हणाले. "लाल दोऱ्याचा माल कुटं जातो ते."

महेश्वरीनं फोन कानाला लावला. खुंटीवरचा टॉवेल ओढून तिनं तोंड पुसलं, कोपऱ्याचा लाल दोरा तिच्या बोटाला लागला.

"घरी," ती म्हणाली. "तो आमच्या घरी राहतो."